टोळ्या गेल्यावरची फेरी

छत्रपती संभाजीनगर
२० सप्टेंबर २०२४

प्रिय मंगलआत्या,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि मग तू सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणतेस, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. सोबतच्या पाकिटात तीस फॉर्म आहेत. मला चोवीस माणसांचे हवेत, बाकीचे खराब झाले तर असू देत.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रबंध लिहावा लागतो. मानसशास्त्रातला कुठलाही विषय घ्या म्हणाले, मी आपलं गावच घेतलं. दिवाळी झाली की टोळ्या ऊस तोडायला कारखान्यांवर जातात आणि चकलांब्यात म्हातारी माणसं उरतात. त्यांना एकटेपणा किती वाटतो ते मला मोजायचंय. आई-बाबा टोळीत जायचे तेव्हा सहा-सहा महिने मी तुझ्याकडे असायचे. रोज संध्याकाळी मी सडकेकडे तोंड करून बसायची, तू ओढून आत न्यायचीस. त्यामुळे विषय शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

तीच माणसं, तेच वीस प्रश्न, दोन वेळा विचारायचे. एकदा टोळ्या जायच्या आधी आणि एकदा जानेवारी संपताना. प्रत्येक प्रश्नाला कधीच नाही, क्वचित, कधीकधी किंवा नेहमी, यातलं एक उत्तर. एकापासून चारपर्यंत मार्क. वीस आले तर माणूस सुखात, ऐंशी आले तर फारच एकटा. दोन फेऱ्यांमधला फरक म्हणजे माझा सगळा प्रबंध.

प्रश्न आहे तसाच वाच आत्या, उत्तर सुचवू नकोस. जवळ घरातलं कुणी बसलेलं नको. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर; संमतीची सही किंवा अंगठा वेगळ्या कागदावर घे. कुणाचा कुठला नंबर ती यादी तुझ्याकडे ठेव, मलासुद्धा सांगू नकोस. तीस वर्षं अंगणवाडी चालवलीस, तुला कुठल्या घरात मज्जाव नाही. हे काम तुझ्याशिवाय होणार नाही.

तुझी
पंचशीला


चकलांबा, ता. गेवराई
१४ ऑक्टोबर २०२४

चि. पंचशीलास,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

चोवीस फॉर्म भरून रजिस्टर पोस्टानं धाडले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा काखेत कागद घेऊन निघाले तर लोक म्हणायले, बाई, पुन्हा नोकरी लागली का काय.

तू म्हणतीस जवळ कुणी नको, पण इथं उठतंय कोण. जाईबाईला विचारलं, ‘आपलं म्हणावं असं कुणी नाही असं वाटतं का’, तर तिच्या आधी सूनच बोलली, काय कमी हाय म्हातारीला, दोन टायमाला गरम भाकर भेटती. जाईबाईनं सुनेकडं बघितलं आन् म्हणली, लिही, कधीच न्हाई. सटवा म्हणला, पोरांची बदनामी व्हईल असलं काय लिहू नको बाई. असे आठ-दहा तरी हायेत.

नंबर अकरा म्हणजे वेशीजवळचा धोंडीराम आबा. बायको वारली, दोन्ही पोरं-सुना टोळीत जातात. त्यानं मात्र नीट इचार करून उत्तरं दिली. एकेका प्रश्नाला पाच-पाच मिनिटं. मी आपली उंबऱ्याच्या बाहेर बसले. त्या घरातल्या चार नातवंडांची वजनं केली मी, काटा आत जायचा, मी बाहेर थांबायची. तुला ठाऊक हाय कावून ते.

एक सांग. फॉर्म भरल्यावर ह्यांना मिळणार काय? सगळेच इचारायलेत आन् मला सांगता येईना.

तुझी आत्या
मंगल


छत्रपती संभाजीनगर
२३ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

नावं लिहू नकोस म्हणाले होते ना. तू तर नंबरासकट नाव, पत्ता आणि घरातली माणसं सांगून मोकळी झालीस. आता ‘अकरा’ म्हटलं की मला म्हातारा दिसतो. यापुढे नुसते नंबर लिही.

सुनेसमोर सासू ‘कधीच नाही’ म्हणणार, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय. माणूस खरं सांगण्याआधी बरं दिसेल ते सांगतो. पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं, जाईबाईंच्या रूपानं आता भेटलं. (बघ, मीच नाव लिहिलं.) जिथं घरातलं कुणी मधे बोललं ते फॉर्म परत पाठवतेय. सून पाण्याला गेली की जा आणि पुन्हा विचार. टोळ्या निघायच्या आत हे झालं पाहिजे.

मिळणार काही नाही आत्या. ही योजना नाही, नुसती माहिती आहे. तसं स्पष्ट सांग त्यांना, खोटी आशा लावायची नाही.

दिवाळीला येत नाही. आई-बाबा प्रवीणदादाकडे बारामतीला आहेत, त्याच्या दोन खोल्यांत मी कुठं मावणार. होस्टेलच्या मजल्यावर आता मी आणि समोरची एक मुलगी एवढ्याच आहोत, आणि ती दार लावून घेते. बरंच आहे, वाचन होतं.

तुझी
पंचशीला


चकलांबा
८ डिसेंबर २०२४

चि. पंचशीलास,
अनेक आशीर्वाद.

परत आलेले फॉर्म पुन्हा भरून दिवाळीच्या आधी धाडले ते भेटले असतील. टोळ्या भाऊबीज करून गेल्या. ट्रॅक्टर निघाले तवा सगळी म्हातारी सडकेला उभी होती. दुसऱ्या दिवशी गावात नुसती कुत्री.

आता तुला आनंदाची गोष्ट सांगते. जानेवारीच्या फेरीची फिकीर सोड, मार्क चांगले येणार.

मी रोज दुपारी निघते. दिवसाला चार घरं, आठवड्यात सगळी चोवीस. कुणाची भाकर करून देते, कुणाची औषधाची गोळी पाकिटातून सोडून देते, कुणाजवळ नुसती बसते. समोर तोंडाकडं बघून बोललं की मला बी कळतं. जाईबाईला आन् सटव्याच्या बायकोला एका ठिकाणी बसवून वाती वळायला लावल्या. (नंबर राहिले, माफ कर. चार आन् नऊ.) त्या दोघींचं सहा वर्षांचं भांडण मिटलं. आन् अकरा नंबरनं मला आत बोलावलं. स्वतः कप धुतला आन् चहा दिला. मी कपाकडंच बघत बसले तर म्हणला, घे की, साखर कमी पडली का.

तुझे सहा फॉर्म उरले होते, त्यावर सहा जणांना पुन्हा इचारून बघितलं. सगळ्यांचे मार्क उतरलेत. अकराचे पहिल्या फेरीला एकतीस होते, आता सव्वीस.

तू म्हणलीस ही योजना न्हाई. पण पोरी, मी तीस वर्षं काट्यावर पोरं घेतली. वजनाच्या तक्त्यात पोरगं लाल रंगात निघालं की त्याला अंडं, केळं, जास्तीचा आहार चालू करायचा, महिन्यानं पुन्हा वजन करायचं. नुसतं वजन करून पोराला तसंच घरी धाडलं असं मी कधी केलं न्हाई. तुझ्या सरांनी इचारलं तर दुसऱ्या फेरीला फरक दिसला पाहिजे का न्हाई?

तुझी आत्या
मंगल


छत्रपती संभाजीनगर
१५ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कसं सांगू ते कळत नाहीये. रागावू नकोस.

मला त्यांचा एकटेपणा कमी करायचा नव्हता. लिहिताना किती वाईट दिसतंय हे, पण तसंच आहे. टोळ्या गेल्यावर त्यांचं काय होतं एवढंच मला पाहायचं होतं. त्यासाठी दोन फेऱ्यांच्या मधे एकच गोष्ट बदलायला हवी, ती म्हणजे मुलं जाणं. आता दोन बदलल्यात, मुलं गेली आणि तू आलीस. जानेवारीत जे मार्क येतील ते कशामुळे आले हे मी कसं सांगणार? तू मोजणारी होतीस, तूच औषध झालीस.

मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नमुना वाया गेला. मग म्हणाले, अजून सहा आठवडे आहेत, भेटी ताबडतोब थांबवा आणि जानेवारीअखेर फेरी घ्या, जमलं तर जमलं. नाहीतर पुढच्या वर्षी नवीन विषय. पुढच्या वर्षी मला शिष्यवृत्ती नाही आत्या, होस्टेलही नाही. वर्ष गेलं तर मी परत शिकायला येईन असं मला वाटत नाही.

म्हणून हात जोडते. मी कळवेपर्यंत चोवीसातल्या एकाही घरी जाऊ नकोस. रस्त्यात भेटले तर राम राम, जय भीम, आणि पुढं. कारण सांगू नकोस, कारण सांगितलं तरी उत्तरं बदलतात. दुसऱ्या फेरीचे चोवीस फॉर्म सोबत आहेत, ते घेऊन तीस-एकतीस जानेवारीला जा, विचार, लिही आणि ये.

ते सहा फॉर्म माझ्याकडे पाठव, पण ते धरता येणार नाहीत.

तुझी
पंचशीला


चकलांबा
४ जानेवारी २०२५

चि. पंचशीलास,
आशीर्वाद.

पत्र भेटलं त्याच दिवसापासून जाणं बंद केलं. तुझं वर्ष जाऊ देणार न्हाई, घोर लावून घेऊ नको.

रेशनला आता मागच्या बाजूनं जाते, वेशीवरून न्हाई. टीव्ही चालू ठेवते. ऐकू तर येत न्हाई, पण माणसं हालतानी दिसतात. दुपार लई मोठी असती इथं, तुझ्या ध्यानात नसंल.

थंडी हाय. अंगावर घेत जा.

आत्या


चकलांबा
३ फेब्रुवारी २०२५

चि. पंचशीलास,
आशीर्वाद.

चोवीस फॉर्म सोबत हायेत. तू सांगितलं तसंच केलं. घरात गेले, इचारलं, लिहिलं, उठले. कुणी चहाचं इचारलं तर नको म्हणलं. बहुतेकांनी इचारलंच न्हाई.

मार्क तूच बघ. मी बेरीज करून बघितली न्हाई.

आता पुढं काय ते कळव.

आत्या


छत्रपती संभाजीनगर
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

उशीर झाला म्हणून तोंड फुगवू नकोस. तीन आठवडे मी कॉम्प्युटरला चिकटून होते. आत्या, निकाल आला, आणि असा आला की सरांनी खुर्चीतून उठून स्क्रीन बघितली. पहिल्या फेरीची सरासरी चौतीस, दुसऱ्या फेरीची सत्तावन्न. हा फरक योगायोगानं पडला असण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही. सर म्हणाले, इतका स्वच्छ निकाल एम.ए.च्या पोरांकडे येत नाही, यावर लेख लिहू. दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

सगळ्यात मोठा फरक अकरा नंबरचा. एकतीसवरून सदुसष्ट. सर म्हणाले, प्रबंधाची सुरुवात याच माणसानं कर. मी केलीही. ‘अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ’ असं लिहिलंय, ओळखू येणार नाहीत.

डिसेंबरातले ते सहा फॉर्म मी घेतलेले नाहीत. भेटी थांबवल्या होत्या, तेव्हा त्याचा उल्लेखही नको असं सरांचं मत पडलं.

ही बातमी कुणाला सांगू असं झालं होतं. मेसमध्ये समोर बसलेल्या मुलीला सांगितली, ती ‘छान’ म्हणाली आणि वाटी घेऊन उठली. म्हणून तुला सविस्तर लिहितेय.

तिसरी फेरी नाही. तुझं काम संपलं, आता आराम कर.

तुझी
पंचशीला


चकलांबा
१ मार्च २०२५

चि. पंचशीलास,
आशीर्वाद.

निकाल चांगला आला हे वाचून बरं वाटलं. तुझ्या कष्टाचं चीज झालं.

पण तू एक लिहिलंच न्हाई. मी आता जाऊ का त्यांच्याकडं?

तू लिहिलतंस, मी कळवेपर्यंत जाऊ नको. फेरी झाली तवा वाटलं, आठ दिवसांत कळवशील. पोस्टमन त्रिंबक रोज आपल्या दारावरून जातो, मी उभी राहायची, तो मान हालवायचा. वाटलं, तपासणी चालू असंल, मधीच गेले आन् परत वाया गेलं तर. आता तू म्हणतीस काम संपलं, आराम कर. म्हणजे जायचं का न्हाई जायचं, हे मला कळेना. टोळ्या यायला अजून वेळ हाय.

आन् आता लिहितेच. मला करमत न्हाई पोरी. तुझ्या फॉर्मात मला नंबर नव्हता, मी इचारणारी होते. पण त्या तीन-चार आठवड्यांत त्यांच्यासंगं मला बी माणूस भेटलतं. ती माणसं समोर बसून बोलायची, माझ्या तोंडाकडं बघून, सावकाश. तुझ्या पत्रानंतर माझ्याशी कुणी सबंद वाक्य बोललं न्हाई. अकरा नंबरचे सदुसष्ट झाले ते कशानं झाले, हे मला इचारशील तर मी सांगीन. पण तू इचारलं न्हाईस.

आत्या


छत्रपती संभाजीनगर
५ मार्च २०२५

आत्या,

जा. हे पत्र वाचून झालं की लगेच जा. सगळ्या चोवीस घरी जा, रोज जा, कुणाला विचारू नकोस.

मी विसरले. दुसरं काही कारण नाही, खरंच विसरले. ‘जाऊ नको’ हे मी हात जोडून लिहिलं आणि ‘जा’ लिहायचं माझ्या लक्षातच आलं नाही. फॉर्म आले, आकडे चढले, मी आनंदानं मेसमध्ये दोनदा भात घेतला. वीस ते ऐंशीचं माप मी स्वतः इंग्रजीतून मराठीत आणलं आणि त्या मापाच्या बाहेर तू बसलेली आहेस, ते मला दिसलं नाही.

अकराचे सदुसष्ट मार्क टोळ्या गेल्यामुळे आले नाहीत, हे मला ‘सव्वीस’ वाचलं तेव्हाच कळायला हवं होतं. मुलं गेल्यावर आबा सव्वीसवर होते. मी तुला थांबवलं आणि ते सदुसष्टवर गेले. मुलांनी केलं म्हणून मी जे लिहिलंय, त्यातलं किती मी केलंय हे आता कुठल्याच गणितानं वेगळं काढता येत नाही. काल सरांना सांगितलं की ते सहा फॉर्म आणि माझं पंधरा डिसेंबरचं पत्र, दोन्ही प्रबंधात जातील. ते म्हणाले, मग निकाल उरत नाही. मी म्हटलं, नाही उरत. त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं. वर्ष जाईल असं दिसतंय. जाऊ दे.

फॉर्म मी स्वतःलाही लावून पाहिला. आकडा लिहीत नाही.

मला माफ कर.

पंचशीला


चकलांबा
११ मार्च २०२५

चि. पंचशीलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचलं आन् चप्पल घातली. माफीचं नंतर बघू. तू लेकरू हायस, आन् ऐकणारी मी होते, मी बी उलटून इचारलं न्हाई.

आधी जाईबाईकडं गेले. तिनं तोंड फिरवलं. लई वेळानं म्हणली, माझ्या सुनंनं तुला येऊ नको म्हणून सांगून धाडलं असंल ना कारखान्यावरून. अडीच महिने ती बाई मनात सुनेला शिव्या देत बसली होती. मी सांगितलं तसं न्हाई म्हणून.

मग धोंडीराम आबाकडं. नावच लिहिते आता. बाजेवर बसला होता. लई उतरलाय, गालफडं आत गेलीत, दाढी वाढलीय. मी उंबऱ्यावर थांबले न्हाई, आत जाऊन समोर बसले. त्याला लिहिता येत न्हाई, म्हणून इचारून झालं की संमतीला मी त्याचा अंगठा घ्यायची. मी काय बोलायच्या आत त्यानं हात पुढं केला, अंगठा वर करून. म्हणला, "आण, कुठं लावायचा?"

मी म्हणलं, "आज फॉर्म न्हाई आबा."

"मग कावून आलीस?"

"आशीच आले."

त्यानं माझ्या पिशवीकडं बघितलं. मी पिशवी उलटी करून दाखवली. चष्म्याचं घर आन् किल्ली, दुसरं काय नव्हतं. चहा मीच केला. दिवस मावळेपर्यंत बसले. आज परत गेलते. दारात मला बघितलं आन् त्यानं अंगठा पुढं केला.

तुझी आत्या
मंगल